स्लॅबमधल्या जुन्या नाण्यांची अदलाबदल: रास्त सौदा कसा पारखावा

जुनी नाणी जमवणाऱ्यांमध्ये रोख खरेदीइतकाच अदलाबदलीलाही मान आहे, कारण एकाकडे जे नाणे दोनदा आलेले असते ते दुसऱ्याच्या संग्रहात नेमके कमी असते, आणि कोणाच्याही खिशाला फार ताण न पडता दोघांचेही संग्रह पुढे सरकतात. मुंबईत असे सौदे प्रदर्शनांतल्या टेबलांवर, फोर्टातल्या दुकानांत, चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर आणि अलीकडे बरेचसे फोनवर ठरतात. पूर्वी वाद होत असे तो नाणे किती चांगले आहे यावर. आता नाणे सीलबंद प्लॅस्टिकच्या कवचात, म्हणजे स्लॅबमध्ये, येते, त्यावर ग्रेड छापलेली असते, आणि नवख्या संग्राहकाला वाटते की वाद कायमचा मिटला. एमएस ६४ ही ग्रेड असलेले नाणे देऊन त्याच ग्रेडचे घेतले की बरोबरी झाली. ही समजूत महागात पडते. ग्रेड नाण्याची अवस्था सांगते. त्याला गिऱ्हाईक किती, ते किती वेळा बाजारात येते आणि विकायला काढले तर हातात काय पडेल, यांतले काहीही ती सांगत नाही.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा आधार एकच नियम आहे: दोन्ही बाजूंची नाणी एकाच दिवशी आणि एकाच प्रकारच्या भावाने मोजावीत. संग्राहकांमधले बहुतेक तिरके सौदे लबाडीतून होत नाहीत, तर माणूस स्वतःच्या नाण्याला दुकानातला भाव लावतो आणि समोरच्याच्या नाण्याला लिलावातला, म्हणून होतात. आणि दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असल्यामुळे चूक कोणाच्याच लक्षात येत नाही.

पायरी १: लेबल पूर्ण वाचा

स्लॅबवरचा आकडा १ ते ७० या मापावरचा असतो. हे माप विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडले आणि पुढे ते सर्वच नाण्यांना लावले जाऊ लागले. नाणी तपासून, ग्रेड देऊन स्लॅबमध्ये बंद करणारी पीसीजीएस ही कंपनी १९८६ मध्ये आणि एनजीसी १९८७ मध्ये सुरू झाली, आणि आज भारतीय संग्राहकांच्या हातात येणारे बहुतेक स्लॅब या दोघींचेच असतात. ६० ते ७० म्हणजे चलनात न फिरलेले नाणे, त्याला एमएस म्हणतात. ५० ते ५८ म्हणजे किंचित फिरलेले, ते एयू. ४० आणि ४५ एक्सएफ. २० ते ३५ व्हीएफ. त्याखाली एफ, व्हीजी, जी अशी उतरंड आहे. प्रूफ नाण्यांसाठी, म्हणजे चलनासाठी नव्हे तर खास झळाळी देऊन पाडलेल्या नाण्यांसाठी, पीएफ किंवा पीआर ही अक्षरे वेगळी येतात.

आकड्यापेक्षा जास्त लक्ष त्याच्या आजूबाजूच्या शब्दांकडे द्यावे. लेबलवर ‘डिटेल्स’ असा शब्द असेल तर नाणे अस्सल आहे पण त्यात दोष आहे, असा त्याचा अर्थ, आणि तो दोष पुढे लिहिलेला असतो: साफ केलेले, ओरखडलेले, गंजलेले, कडी काढलेले. आपल्याकडे हे दोष अमाप आढळतात आणि त्यामागे आपल्याच घरांच्या चालीरीती आहेत. चांदीचे रुपये पिढ्यान्‌पिढ्या चिंच, राख आणि भांड्यांची पावडर लावून उजळले गेले. लक्ष्मीपूजनाला त्यांच्यावर हळदकुंकू आणि पंचामृत चढले. माळेत ओवण्यासाठी त्यांना कड्या डाखवल्या गेल्या आणि नंतर त्या कापून कड घासली गेली. जुन्या मोगलाई आणि कंपनीकाळच्या रुपयांवर सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या खुणाही असतात. घरासाठी अशा नाण्याचे मोल वेगळे आहे, पण सौद्यात ‘एयू डिटेल्स’ आणि ‘एयू ५५’ यांना शेजारी बसवता येत नाही. दोषी नाण्याला निर्दोष नाण्याच्या किती टक्के भाव धरावा याचा ठरीव आकडा नाही, म्हणून डिटेल्स नाण्याची तुलना डिटेल्स नाण्याच्याच विक्रीशी करावी.

प्रूफ नाण्यांच्या बाबतीत आणखी एक शब्द शोधावा: ‘रीस्ट्राइक’. मुंबईच्या टांकसाळीने व्हिक्टोरिया राणीच्या आणि नंतरच्या राजांच्या काळातल्या नाण्यांचे प्रूफ संच जुन्या डायवरून, म्हणजे ठशांवरून, १९७० पर्यंत संग्राहकांसाठी पुन्हा काढून दिले. ही नाणी सरकारी टांकसाळीची आहेत, देखणी आहेत आणि जमवण्याजोगीही आहेत. पण त्या वर्षी काढलेल्या मूळ प्रूफचा भाव त्यांना लागत नाही. समोरचा संग्राहक नुसता ‘प्रूफ’ म्हणत असेल आणि लेबलवर रीस्ट्राइक लिहिलेले असेल, तर हिशेब लेबलवरून करावा.

पायरी २: स्लॅब खरा आहे का ते पाहा

ही पायरी थोडक्यात आटोपते, पण टाळू नये. नकली स्लॅब बाजारात आहेत. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून नाण्याचे वर्ष, प्रकार आणि ग्रेड जुळते का ते बघावे, आणि तिथे छायाचित्र असेल तर नाण्यावरचा एखादा ओरखडा किंवा डाग हातातल्या नाण्याशी ताडून पाहावा. नकली बनवणारे खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलतात, त्यामुळे क्रमांक सापडला एवढ्यावर थांबू नये. छायाचित्र जुळणे महत्त्वाचे. कवचाच्या कडेला फट, तडा किंवा उघडल्याची खूण दिसली तर सौदा तिथेच थांबवावा. १९३९ च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयासारखे नाव झालेले दुर्मीळ नाणे समोर आले तर ही तपासणी दुप्पट काळजीने करावी, कारण दुसऱ्या वर्षाच्या नाण्यावरचा आकडा कोरून १९३९ केलेली नाणी फार आहेत.

पायरी ३: प्लॅस्टिकच्या आतले नाणे पाहा

एकाच ग्रेडची दोन नाणी सारखी नसतात. खोलीतले इतर दिवे मंद करून एका दिव्याखाली स्लॅब हळूहळू तिरका फिरवावा. न फिरलेल्या चांदीच्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. तो पट्टा गालावर, मुकुटावर किंवा केसांवर तुटत असेल तर तिथे घर्षण झाले आहे. पाच ते सात पट भिंग पुरते. त्याहून मोठे भिंग घेतले की प्रत्येक नाणे वाईट दिसू लागते.

यातून एक गोष्ट लवकर कळते की एयू ५८ हे नाणे एमएस ६१ पेक्षा पुष्कळदा अधिक देखणे असते. एमएस ६१ चलनात गेले नसले तरी टांकसाळीच्या पोत्यात आपटून खरवडलेले असू शकते, आणि एयू ५८ च्या उंच भागांवर किंचित घासट असली तरी बाकी पृष्ठभाग स्वच्छ आणि झळाळदार असतो. अनुभवी संग्राहक अशा ५८ ला ६१ च्या बरोबरीने देवघेव करतात आणि मला ते रास्त वाटते. आकड्यांची उतरंड दाखवून कोणी हे नाकारत असेल तर दोन्ही नाणी एकाच दिव्याखाली शेजारी ठेवावीत आणि निर्णय डोळ्यांवर सोडावा.

मुंबईकरांनी हवेचा विचार वेगळा करावा. स्लॅब हवाबंद डबा नाही. समुद्राकाठच्या दमट हवेत, विशेषतः चार पावसाळे साध्या कपाटात काढलेल्या नाण्यांवर, ग्रेड दिल्यानंतरही बदल होतात. चांदीवर टोनिंग, म्हणजे रंगाची छटा, चढते. ते निळसर-सोनेरी आणि एकसारखे असेल तर किंमत वाढवते, काळपट ठिपक्यांचे असेल तर घटवते. तांब्याच्या नाण्यांचे तर लेबलच जुने होते. तांब्यासाठी कंपन्या रंगाची नोंद करतात: आरडी म्हणजे मूळचा लाल, आरबी म्हणजे लाल-तपकिरी, बीएन म्हणजे तपकिरी. पाव आण्याच्या स्लॅबवर आरडी लिहिले आहे आणि आत नाणे तपकिरी पडले आहे, असे झाले असेल तर भाव आतल्या नाण्याचा धरावा. हिरवट भुकटी दिसली तर ते नाणे कोणत्याही भावाने घेऊ नये, कारण ती वाढत जाते.

हाताने ठोकलेल्या नाण्यांना ग्रेडचे माप आणखी अपुरे पडते. मोगल आणि मराठा काळात डाय मोठा आणि धातूची चकती लहान असे, त्यामुळे टांकसाळीचे नाव किंवा हिजरी सन चकतीबाहेर राहून जाई. अशा रुपयावर टांकसाळ आणि सन पूर्ण वाचता येत असेल तर एक्सएफ ४५ सुद्धा अर्धवट मजकुराच्या एमएस ६३ वर भारी पडते. लेबलवरच्या टांकसाळीच्या नावाचाही अर्थ समजून घ्यावा. दुसऱ्या शाह आलमच्या नावाचे, ४६ वे राज्यवर्ष गोठवलेले, म्हणजे पुढेही तेच वर्ष छापत राहिलेले, ‘सुरत’ रुपये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतही पाडले. लेबलवर सुरत असले तरी नाणे कुठे आणि कधी पाडले हे त्यावरच्या बारीक खुणांवरून ठरते आणि भावही त्यावरच हलतो. या जातीच्या नाण्यांचा सौदा नवख्याने पहिल्या वर्षात एकट्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी ४: नेमका प्रकार निश्चित करा

वर्ष आणि ग्रेड जुळले म्हणजे नाणे तेच असे नाही. व्हिक्टोरियाच्या १८४० च्या रुपयावर हेच वर्ष १८६२ पर्यंत गोठवून ठेवले होते. त्यात राणीचे नाव डोक्याभोवती सलग फिरणारा आधीचा प्रकार आणि नाव दोन बाजूंना विभागलेला नंतरचा प्रकार असे दोन मोठे गट आहेत आणि दोन्हींचे भाव वेगळे आहेत. १८६२ चे वर्षही असेच १८७४ पर्यंत चालले आणि मधल्या काळातली नाणी ठिपक्यांच्या संख्येवरून ओळखावी लागतात. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला खाली कमळाजवळ उठावदार ठिपका असेल तर ते मुंबईचे, नसेल तर कलकत्त्याचे. सर्व स्लॅबांवर हे प्रकार लिहिलेले नसतात, आणि ज्याने स्लॅब घेतला त्यालाही ते ठाऊक असतीलच असे नाही. म्हणून ही ओळख स्वतः पटवावी. प्रत्यक्ष नमुने पाहून डोळा तयार करायचा असेल तर फोर्टात सर फिरोजशाह मेहता रोडवर रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा नाण्यांचा संग्रहही मोठा आहे. दोन्ही ठिकाणी निवांत एक दुपार घालवावी.

पायरी ५: भाव एकाच मापाने काढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. एकाच नाण्याला त्याच दिवशी निदान चार भाव असतात. दुकानदार काचेखाली मांडून सांगतो तो मागणीचा भाव. लिलावात शेवटची बोली पुकारली जाते ती हॅमर प्राइस. तिच्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेते तो वरचा आकार, आणि कर चढून खरेदीदाराच्या खिशातून जाते ती तिसरी रक्कम. आणि विक्रेत्याकडून कमिशन कापून त्याच्या हातात पडते ती चौथी. समजा एखादे नाणे २०,००० रुपयांना पुकारले गेले, प्रीमियम १५ टक्के आणि विक्रेत्याचे कमिशन १० टक्के आहे. तर कर सोडूनही घेणाऱ्याने २३,००० दिले आणि देणाऱ्याला १८,००० मिळाले. तेच नाणे दुकानात २८,००० ला मांडलेले असू शकते. १८ आणि २८ हजार हे दोन्ही आकडे खरे आहेत, आणि म्हणूनच ज्याला जो सोयीचा तो त्याच्या तोंडी येतो.

अदलाबदलीसाठी मी हॅमर प्राइस वापरावी असे सुचवतो. तिथे दोन अनोळखी माणसांनी खरोखर स्पर्धा केलेली असते आणि लिलावगृहांच्या जुन्या निकालांत ती कोणालाही तपासता येते. काही लिलावगृहे निकालात प्रीमियम धरून आकडा छापतात, तेव्हा ते आधी वाचून वजा करावे. परदेशी लिलावाचा डॉलरमधला निकाल थेट रुपयांत करून घेऊ नये. तिथले खरेदीदार वेगळे, प्रीमियम वेगळा, आणि नाणे इथे आणण्याचा खर्चही त्यात नसतो. ऑनलाइन जाहिरातीतली किंमत हा भावच नव्हे, कारण त्या किमतीला कोणी नाणे घेतल्याचा पुरावा नसतो. छापील कॅटलॉगातला आकडा दोन नाण्यांची परस्पर दुर्मीळता समजायला उपयोगी आहे, पण तो छापला गेला तेव्हाचा असतो.

प्रत्येक नाण्यासाठी गेल्या दोन वर्षांतल्या निदान तीन विक्री शोधाव्यात: तोच प्रकार, तीच ग्रेड, शक्यतो तीच ग्रेडिंग कंपनी. एक विक्री फार वर किंवा फार खाली गेली असेल तर मधला आकडा धरावा. दोन हट्टी खरेदीदार एका संध्याकाळी भिडले म्हणून नाण्याचा भाव वाढत नाही. तीन विक्री मिळतच नसतील तर एक ग्रेड वर आणि एक ग्रेड खाली यांच्या विक्री घेऊन मधला अंदाज करावा, पण दोन्ही बाजूंना तो अंदाज आहे हे बोलून दाखवावे.

ग्रेडच्या पायऱ्या समान उंचीच्या नसतात, हेही इथेच ध्यानात घ्यावे. साध्या वर्षाच्या रुपयात ६२ आणि ६३ मध्ये किरकोळ फरक असतो, तर ६४ आणि ६५ मध्ये किंमत अनेकदा कितीतरी पट होते, कारण त्या उंबरठ्यावर नाण्यांची संख्या एकदम घटते. त्यामुळे ‘माझे ६४ जवळजवळ ६५ आहे’ हे वाक्य सौद्यात ग्राह्य धरू नये. ज्याला तसे वाटते त्याने ते पुन्हा ग्रेडिंगला पाठवावे. तोपर्यंत भाव ६४ चा.

पायरी ६: चांदीचा तळ मोजा

१८३५ पासूनचा प्रमाणित रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि ९१.७ टक्के चांदीचा आहे, म्हणजे त्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणजे ५.८३ ग्रॅम, आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. चांदी किलोला एक लाख रुपये धरली, आणि हा आकडा केवळ हिशेबापुरता आहे, तर जुन्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी होते. झवेरी बाजारातल्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा रोजचा दर पाहून ही बेरीज सौद्याच्या दिवशी करावी.

दुर्मीळ नाण्यात हा तळ नगण्य ठरतो. साध्या वर्षांच्या नाण्यांत मात्र तो भावाचा मोठा हिस्सा असतो, आणि चांदी झपाट्याने चढली असेल तर दीड वर्षापूर्वीचे लिलावाचे निकाल त्या नाण्यांसाठी निरुपयोगी होतात. चांदीची पाच साधी नाणी देऊन तांब्याचे किंवा निकेलचे एक नाणे घेताना हा मुद्दा हमखास निसटतो.

पायरी ७: ‘पॉप’ किती आहे यावर भाळू नका

ग्रेडिंग कंपन्या कोणत्या नाण्याला कोणती ग्रेड किती वेळा दिली याची यादी ठेवतात. तिला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात आणि बोलण्यात नुसते ‘पॉप’. अमेरिकी नाण्यांसाठी ही यादी दुर्मीळतेचा बऱ्यापैकी पुरावा आहे, कारण तिथे दशकानुदशके लाखो नाणी ग्रेडिंगला गेली. भारतीय नाण्यांचे तसे नाही. एखाद्या साध्या रुपयाची एमएस ६५ ग्रेडमध्ये फक्त तीन नाणी नोंदलेली असली तर त्याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की तशी नाणी फार कोणी पाठवलीच नाहीत. ती जुन्या घरांच्या तिजोऱ्यांत आणि सराफांच्या पिशव्यांत अजून आहेत. उलट काही नाणी कवच फोडून पुन्हा पुन्हा पाठवली जातात आणि यादीत दोनदा-तीनदा मोजली जातात.

दुर्मीळता किती नाणी पाडली आणि किती उरली यावरून समजून घ्यावी. १९१८ मध्ये मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींनी प्रत्येकी २० कोटींहून अधिक रुपये पाडले. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीची इतकी टंचाई झाली होती की अमेरिकेने त्या वर्षीच्या पिटमन कायद्याखाली स्वतःचे सुमारे २५ कोटी ९० लाख चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिश सरकारला भारतासाठी विकली. अशा वर्षाचा रुपया कोणी ‘टॉप पॉप’, म्हणजे यादीतल्या सर्वांत वरच्या ग्रेडचा, म्हणून पुढे केला तर त्याची सुंदर अवस्था मान्य करावी, तिचे दामही द्यावेत, पण दुर्मीळतेचे देऊ नयेत. याच्या उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. त्यावरच्या राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, बहुतांश नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले. तो रुपया व्हीएफ अवस्थेतही कोणीतरी शोधत असतोच.

पायरी ८: विकायला किती सोपे, आणि एकास किती

भाव सारखा असूनही दोन नाणी सारखी नसतात, कारण एक आठवड्यात विकले जाते आणि दुसरे वर्षभर पडून राहते. १९११ चा रुपया कोणत्याही प्रदर्शनात संध्याकाळपर्यंत जातो. एखाद्या छोट्या संस्थानाच्या तांब्याच्या नाण्याला त्याच किमतीचे गिऱ्हाईक देशात चार-पाच जण असतील. जो सहज विकले जाणारे नाणे देऊन अवघड नाणे घेतो, त्याला काही सवलत मिळणे रास्त आहे. मी साधारण दहा टक्के धरतो. अवघड नाणे घेणाऱ्याला संग्रहासाठी तेच हवे असेल, पुन्हा विकायचेच नसेल, तर सवलत मागू नये.

एका मोठ्या नाण्याच्या बदल्यात अनेक लहान नाणी, हा नवख्यांचा आवडता सौदा असतो आणि नेमका तोच सर्वात जास्त वेळा तिरका जातो. दहा-दहा हजारांची पाच नाणी म्हणजे पन्नास हजारांचे एक नाणे नव्हे. मोठे नाणे देणाऱ्याला पुढे पाच गिऱ्हाइके शोधायची, पाच वेळा कमिशन द्यायचे, आणि त्या पाचांत एखादे न हलणारे नाणे असतेच. म्हणून लहान नाण्यांच्या बाजूने बेरीज दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त असावी, ही अपेक्षा गैर नाही. तसेच पाचही नाण्यांचे भाव सुटे लिहावेत. एकत्र ‘लॉट’ म्हणून गोळा रक्कम मान्य करू नये.

पायरी ९: एक उदाहरण

आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत. तुमच्याकडे १९११ चा मुंबई टांकसाळीचा रुपया, एयू ५८. समोरच्याकडे १८४० चा सलग अक्षरांचा रुपया, एमएस ६२. तुमच्या नाण्याच्या तीन हॅमर प्राइस मिळाल्या: १४,०००, १५,५०० आणि २२,०००. मधला १५,५०० धरला. समोरच्याच्या नाण्याच्या १९,०००, २०,००० आणि २०,५००, तिथे २०,०००. फरक ४,५०० रुपये, तो तुम्ही द्यायचा.

आता दिव्याखाली पाहिले तर तुमचे नाणे त्याच्या ग्रेडसाठी उजवे आहे, आणि समोरच्याच्या नाण्याच्या मोकळ्या भागावर बारीक रेषा आहेत. शिवाय तुमचे नाणे लवकर विकले जाणारे आहे. या दोन्ही गोष्टी धरून तुम्ही फरक ३,५०० म्हणालात तर ते बोलण्याजोगे आहे. समोरच्याने आपल्या नाण्याचा दुकानातला २८,००० हा भाव पुढे केला आणि तुमच्या नाण्याला मात्र लिलावातले १५,५०० लावले, तर फरक १२,५०० होतो. अशा वेळी चिडण्याचे कारण नाही. तुमच्याही नाण्याचा दुकानातला भाव विचारावा आणि दोन्हीकडे तोच लावून बेरीज पुन्हा मांडावी. आकडे मोठे होतील, पण फरक बहुधा पहिल्या हिशेबाच्या आसपासच येईल.

सगळे करूनही दोन्ही बाजू रुपयापर्यंत जुळत नाहीत. भारतीय नाण्यांचा बाजार लहान आहे, आणि मोठ्या बाजूच्या दहा टक्क्यांच्या आत फरक राहिला तर मी तो सौदा रास्त मानतो.

पायरी १०: बोलणी

आपल्याकडे वयाचा आणि अनुभवाचा मान राखला जातो, आणि तो राखावाच. पण त्या संकोचात नवखा संग्राहक भाव विचारायचे टाळतो. समोर वडीलधारे असतील तर ‘काका, दोन्हीकडे लिलावाचाच भाव धरू या का? मी निकाल काढून आणलेत’ एवढे म्हणणे पुरते. जाणता संग्राहक यावर खूश होतो. उलट तुम्ही जाणते असाल आणि समोरचा कॉलेजातला मुलगा आजोबांची नाणी घेऊन आला असेल, तर भाव त्याला आधी तुम्ही दाखवावेत, त्याने विचारण्याची वाट पाहू नये. ज्या सौद्यात एका बाजूला भाव ठाऊक नव्हता तो आकड्यांनी जुळला तरी रास्त म्हणता येत नाही, अशी माझी धारणा आहे.

प्रदर्शनाच्या गर्दीत, हॉल बंद होण्याच्या घाईत मोठा सौदा पुरा करू नये. छायाचित्रे घ्यावीत, घरी निकाल पाहावेत, दुसऱ्या दिवशी फोन करावा. ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ असे म्हणणाऱ्याचे नाणे पुढच्या प्रदर्शनात पुन्हा दिसते.

पायरी ११: नोंद, पाठवणी आणि कायदा

सौदा ठरला की एका कागदावर तारीख, दोन्ही स्लॅबांचे क्रमांक, प्रत्येक नाण्याला धरलेला भाव, रोख फरक आणि परत करण्याची मुदत लिहून दोघांनी सही करावी. सात दिवसांची मुदत पुरेशी असते. फरकाची रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी म्हणजे तिचीही नोंद राहते. नाणी पुण्या-नागपूरला पाठवायची असतील तर विमा उतरवावा, डबा बंद करतानाचे चित्रीकरण करावे, आणि पहिल्यांदाच व्यवहार करणाऱ्याने आधी पाठवायचे हे सुरुवातीलाच ठरवावे. शक्य असेल तर दोघांच्या ओळखीच्या संग्राहकाकडे दोन्ही नाणी जमा करून बदलावीत.

शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे वर उल्लेखलेला १९११ चा किंवा १९१८ चा रुपया देऊन परदेशातल्या संग्राहकाकडून नाणे घेण्याचा सौदा करू नये, तो कितीही आकर्षक असला तरी. कोणी जमिनीत सापडलेला साठा म्हणून नाणी दाखवत असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा साठा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे त्याला सांगावे आणि त्या नाण्यांना हात लावू नये. आयकराच्या दृष्टीने अदलाबदल हेही हस्तांतरणच असते, म्हणून मोठ्या सौद्याआधी आपल्या सीएशी बोलावे, आणि मूळ खरेदीची पावती व अदलाबदलीचा तो कागद नाण्यासोबत जपून ठेवावा. पुढे हेच नाणे तुम्ही कोणाला दिलेत तर तो कागदही सोबत द्यावा.